मातीवाचूनचं झाड आणि आमचा कूलर

पहिलं झाड जुलैत गेलं. सकाळी उचलायला गेले तर मधला शेंडा अलगद हातात आला. खालून काळा, लिबलिबीत, सडक्या कांद्याचा वास. बाहेरची पानं मात्र टवटवीत. आतून सडत होतं आणि मी रोज कौतुकाने त्यावर फवारा मारत होते!

झाड टिलँडसिया आयोनँथाचं. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, तिथे ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतं. मी ऑनलाइन मागवलं. खोक्यात कागदात गुंडाळून आलं, माती नाही, कुंडी नाही, मुठीत मावेल एवढं. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "काहून वं, बांडगूळ इकत आणलं का?" बांडगूळ आंब्याच्या फांदीत घुसून त्याचा रस पितं, हे बिचारं नुसती बसायला जागा मागतं, आपल्याकडे झाडांवर रास्ना वाढते तसं, असं मी समजावलं. पटलं नाही. अननसाच्या कुळातलं आहे म्हटल्यावर जरा गप्प झाल्या.

याची मुळं फक्त फांदीला धरून ठेवायला. पाणी पितात ती पानं, म्हणजे पानांवरचे बारीक रुपेरी खवले. वाटीभर पाण्यात बुडवलं की बघता बघता राखाडीचं हिरवं होतं, वाळलं की पुन्हा राखाडी. हा खेळ मी पहिल्या दिवशी चार वेळा केला असेल. पण पाणी प्यायल्यावर तीन-चार तासांत ते कोरडं व्हायला हवं, हे झाड मेल्यावर वाचलं. नागपुरात जुलैत हवाच इतकी दमट, त्यात झड येते म्हणून मी खिडकी लावून घेतलेली. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या वनस्पतींना एलियास टिलँड्झ या वैद्याचं नाव दिलं. हा गृहस्थ म्हणे बोट लागते म्हणून समुद्र टाळून जमिनीवरून लांबचा फेरा घालून घरी गेला होता, आणि या झाडांनाही ओल सोसत नाही अशी लिनियसची समजूत होती. समजूत अर्धीच खरी, पण माझ्या जुलैपुरती पुरेशी खरी.

दुसऱ्या झाडाचं पाप निम्मं घरच्या काटकसरीचं. आमच्याकडे आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठतं. आई त्याने फरशी पुसते, तुळशीलाही तेच. मी त्यातच टिलँडसिया बुडवायची. दोन महिन्यांत पानांच्या टोकांवर पांढरी खर धरली, नळाच्या तोटीवर धरते तशी. गाळलेले सगळे क्षार त्या पाण्यात असतात, आणि जिथून झाड पाणी पितं तिथेच ते बसले. वर मी ते टांगलं होतं तांब्याच्या तारेने, शोभेसाठी. तांबं या कुळातल्या झाडांना विषासारखं. कशाने मेलं हे आता कोण सांगणार, दोन्ही गुन्हे माझ्या नावावर.

तिसरं फेब्रुवारीत आणलं आणि नायलॉनच्या दोरीने टांगलं. खरी धास्ती मे महिन्याची होती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजणारे नऊ दिवस, लागायच्या आधीच एका दुपारी गॅलरीत विसरले, बाहेर ४४ अंश, तर एका बाजूच्या पानांची टोकं संध्याकाळपर्यंत कागदासारखी झाली. मग आत आणलं, कूलरच्या खोलीत. आपल्याकडे उन्हाळ्यात या झाडाला याहून चांगली जागा नाही: हवा ओलसर, शिवाय सतत वाहती. फक्त झोताच्या तोंडावर नको. टाकीतलं पाणी उडून उडून क्षारट झालेलं असतं, त्याचे तुषार पडले की पुन्हा पांढरे ठिपके. मी कूलरपासून चार-पाच फूट बाजूला, पडद्याआडच्या उजेडात टांगलं.

तहान लागली की पानं लांबीच्या दिशेने आत वळतात, पन्हळासारखी. मे महिन्यात दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास बुडवत होते, आरओच्या पिण्याच्या पाण्यात. (आईचा चेहरा बघण्यासारखा होता.) पावसाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही गच्चीवर धरलेल्या पावसाच्या पाण्यात, पंधरा मिनिटं. काढलं की उलटं धरून चांगलं झटकायचं आणि पंख्याखाली उलटंच वाळत ठेवायचं. हे सगळं सकाळी. हे झाड पानांची रंध्रं दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडून हवा घेतं. रात्री पानांवर पाण्याचा थर असला की त्याचा श्वास कोंडतो.

पुढच्या फेब्रुवारीत एक दिवस मधली पानं गुलाबी दिसली. मला वाटलं, हेही चाललं. आठवड्याभरात शेंडा कुंकवासारखा लाल झाला आणि मधून जांभळी नळकांडी वर आली, टोकाला पिवळे परागकोश. फुलं चार-पाच दिवसांत आटोपली.

फुलोरा आला की ते झाड संपत जातं, घड दिल्यावर केळ संपते तसं, आणि बुडाशी मुनवे फुटतात. माझ्या झाडाला दोन आलेत. मूळ झाडाच्या निम्म्याएवढे झाले की वेगळे काढता येतात. मोठा आत्ता जेमतेम दीड सेंटिमीटर आहे, मी अजून हात लावत नाही. काल कूलरची खस बदलून घेतली.