गच्चीवरची चादर

ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात ‘स्पेक्टॅकल’ नावाचं थिएटर आहे. थिएटर कसलं, ठाण्याच्या राम मारुती रोडवरचा एखादा गाळाच. पूर्वी तिथे किराणा दुकान होतं म्हणे. पहिल्यांदा गेले तेव्हा दारात तिकीट देणाऱ्या मुलानेच आत येऊन प्रोजेक्टर लावला आणि शेवटी खुर्च्याही त्यानेच आवरल्या. पगार नाही, सगळे स्वयंसेवक. मला आमच्या चरईतल्या मंडळाची पोरं आठवली.

न्यूयॉर्कला हे वळण लावणाऱ्यांपैकी एक जोनस मेकस. हा लिथुआनियन निर्वासित १९४९ साली इथे उतरला आणि लवकरच उसने पैसे करून त्याने बोलेक्स हा फिल्मचा कॅमेरा घेतला. पुढे मित्रांना घेऊन फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह ही फिल्म भाड्याने देणारी संस्था काढली. तिचा नियम मला फार आवडतो: सभासदाने फिल्म आणून दिली की ती यादीत लागते. चांगली-वाईट ठरवायला समितीच नाही, आणि भाड्यातला मोठा वाटा फिल्म करणाऱ्याचा. एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत बाद झालेल्यांना हे वाचून भरून येईल. (मी त्यातलीच.)

मे महिन्यात ठाण्याला आले, तर मावसभावाने पाण्याच्या टँकरवर अकरा मिनिटांची फिल्म केलेली, फोनवरच. “लिंक टाकलीये ग्रुपवर,” म्हणाला. म्हणजे लोकलमध्ये लटकत, अर्धवट बघितलेली. म्हटलं, गच्चीवर लावू.

सेक्रेटरी काका कायद्याचे पक्के. “सेन्सॉरचं सर्टिफिकेट? १९५२ चा कायदा आहे.”

“काका, सार्वजनिक कुठे, आपल्याच बिल्डिंगपुरतं.”

“मग दहाला बंद. आणि टाकीवर कुणी चढायचं नाही.”

आईची डबलबेडची चादर दोरीवर बांधली. वारा आला की चादर फुगायची आणि तिच्यावरचा टँकरही. शेवटी तुळशीच्या दोन कुंड्या आणून खालची टोकं दाबली. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर आमचा जिना आला आणि मागून आवाज, “अगं, ती माझी बादली!” पुढचे संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. भाऊ चिडला. मग सगळ्यांनी मिळून फिल्म पुन्हा लावायला लावली. या खेपेला बादली बाजूला राहिली आणि मागच्या उन्हाळ्यात टँकरचे पैसे नक्की कुणी भरले यावरून जुंपली.

साडेदहा वाजले. काका टाकीवर बसून हिशोब सांगत होते.