ठिबकची नळी कानाला लावून

पोळ्याचा आदला दिवस, रात्रीचे साडेदहा

संध्याकाळी गोठ्यात खांदशेकणी झाली. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळता चोळता बाबा दरवर्षीसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हात धुऊन मी शेडमध्ये आलो, तर मागोमाग तेही आले. माझ्या जुन्या एमजी गाडीच्या बोनेटवर हळदीचं एक बोट ओढलं आणि काही न बोलता निघून गेले. सात महिने झाले गाडी येऊन. या सात महिन्यांत तिच्यावरून ते माझ्याशी धड बोलले नव्हते. विहिरीचं काम मागे ठेवून मी हा पैसा घातला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यांचं चूकही म्हणवत नाही. पण आज ते बोट पाहिलं आणि झोप येईना, म्हणून वही काढली.

गाडी एमजी टीडी, १९५१ ची. १२५० सीसीचं इंजिन, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन कार्बोरेटर, दोनच सीट, दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. १९५३ नंतर हे मॉडेल निघालंच नाही. अकोल्याकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांआड ती उभी होती. आजोबा त्याच जिनिंगला कापसाची बंडी घेऊन जायचे आणि घरी आले की मालकाच्या लाल गाडीचं सांगायचे, "दरवाजा उलटाच उघडते तिचा." तेवढ्या एका वाक्यावर माझं लहानपण गेलं. वारसांनी गोदाम रिकामं करायला काढलं हे कळलं, त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची. रोजच्या कामाला ती चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मला तेवढं पुरतं.

खरा प्रश्न पान्यांचा निघाला. गावातले मिस्त्रीकाका चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं करतात. पहिल्या दिवशी त्यांनी बारा, तेरा, चौदा असे सगळे पाने लावून पाहिले. एक ढिला, दुसरा बसेचना. "भाऊ, हे माप आपलं नाही," म्हणाले. पुढे वाचता वाचता कळलं. नटांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आहेत, आटे मात्र मिलिमीटरचे. एमजी ज्यांची, त्या मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीतला कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती, आणि ते आटे या इंजिनापर्यंत चालत आले. त्यातही अडचण अशी की इथल्या आठ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे एकेका मिलिमीटरवर आहेत, बाजारातल्या साध्या बोल्टाचे सव्वावर. कोणीतरी कधीकाळी असा साधा बोल्ट जोर लावून बसवला होता. तो काढताना आटे भुकटी होऊन खाली पडले. मिस्त्रीकाकांनी ती भुकटी तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांची पेटी आणली. वडील जिनिंगला फिटर होते. विलायती जिनांचे पाने, तेलाने काळे झालेले, दांड्यावर डब्ल्यू कोरलेला. पहिलाच पाना नटावर असा बसला की आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्या दिवसापासून मी नियम केला, नवा बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा. चार आटे हाताने गेले तरच पाना लावायचा.

पाण्याचंही लिहून ठेवतो. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी जिथे पिकाला चालत नाही, तिथे रेडिएटरला काय चालणार? पहिल्यांदा खालचा नळ उघडला तर तांबडं पाणी, आणि त्यामागून मिठाचे पापुद्रे. अनेक वर्षं हेच पाणी भरलं असावं. तीन वेळा धुतला. आता बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही.

बॅटरीवरून एकदा धडा मिळाला. या गाडीत बॅटरीचं प्लस टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेलं आहे. चार्ज करून आणलेली बॅटरी लावायला आलेल्या पोराने सवयीने मायनस अर्थला जोडला, आणि मी बाजूला असून पाहिलं नाही. दिवे लावले तर अँमीटरचा, म्हणजे बॅटरीत वीज जाते की बाहेर पडते ते दाखवणारा, काटा चार्जकडे! इंजिन बंद आणि काटा चार्जकडे, म्हणजे काहीतरी उलटं आहे, एवढं सुचलं आणि वायर लगेच काढली. डायनॅमो वाचला. आता बॅटरीच्या खोक्यावर लाल रंगाने अधिकचं चिन्ह आणि खाली 'अर्थ' असं लिहून ठेवलंय.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या. इथेनॉलच्या पेट्रोलने त्या आतून चिकट झाल्या होत्या.

मला सगळ्यात आवडतं ते कार्बोरेटरचं काम. दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही, हे ऐकून जुळवायचं. त्यासाठी ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा कापला. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत सूंऽऽ असा आवाज. पुढच्याचा ऐकायचा, मग मागच्याचा, स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. पहिल्या दिवशी दोन तास गेले आणि मला फरकच कळेना. आता कळतो. मागचा थोडा भारी असला की आवाज जाड येतो. मिस्त्रीकाका म्हणतात, "तुमचा कान बसला आता."

आणि इंजिनाखाली तेलाचे चार थेंब पडतातच. क्रँकच्या मागे रबरी सील नाहीच, तेल परत आत ओढणारी नुसती खाच आहे. म्हणून खाली पत्र्याचा ट्रे ठेवतो आणि रोज सकाळी थेंब मोजतो. चाराचे दहा झाले तर काळजी.

करीचा दिवस

काल पोळा झाला. बैल दारोदार फिरून आले, पुरणपोळी खाल्ली.

आज सकाळी ऊन पडलं. रात्री पाऊस नसल्यामुळे शेताकडचा डांबरी रस्ता कोरडा होता. गाडी बाहेर काढली. पावसाळ्यात हिच्या सांगाड्याचं लाकूड फुगतं, डावा दरवाजा अडतो. उन्हाळ्यात तोच दरवाजा सैल होऊन खडखडत होता. बंडी करणाऱ्या सुताराला दाखवला, तर त्याने दरवाजाच्या खांबाला हात लावून सांगितलं, रंधा मारू नका, दिवाळीपर्यंत आपोआप बसेल. मी ऐकलं.

बाबा ओट्यावर होते. "येता का?" मी विचारलं. ते उठले, धोतर सावरलं आणि उलट्या दरवाजातून आत बसले. मी चावी फिरवली. पुढे पेट्रोलच्या पंपाची टिकटिक सुरू झाली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरेस्तोवर ती चालते, मग थांबते. थांबली नाही, तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं. स्टार्टरच्या मुठीकडे माझा हात गेला, तशी बाबांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली.

"थांब ना. अजून वाजू रायलं."

टिक, टिक, टिक. मग शांत.

"हं. आता लाव."