दीड लाख धरू नकोस

2025 च्या अखेरीस वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून भाच्याचा फोन आला. "मावशी, इलेक्ट्रिक गाडी बुक करतोय. तुला सबसिडीचे दीड लाख मिळाले होते ना? तेवढं धरूनच कर्ज काढतो."

मी त्याला तिथंच थांबवलं. ही सबसिडी देणारं गुजरातचं इलेक्ट्रिक वाहन धोरण 1 जुलै 2021 पासून चार वर्षांसाठी होतं. 30 जून 2025 ला मुदत संपली. मी 2022 मध्ये टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन घेतली. बॅटरीच्या क्षमतेच्या दर युनिटमागे (किलोवॅट-तासामागे) 10,000 रुपये, पण कारला कमाल दीड लाख. माझी बॅटरी 30.2 युनिटची, तरी मिळायचे ते दीड लाखच.

तेही बिलातून वजा झाले नाहीत. कोटेशनवर सबसिडी ठळक अक्षरांत होती. पैसे भरताना मात्र शोरूमवाला म्हणाला, "बेन, ए तो पछी आवशे, सीधा खातामां." म्हणजे नंतर येतील, थेट खात्यात. मला ठेव मोडावी लागली. पुढे अर्ज परत आला, कारण पासबुकावरचं नाव आणि आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीपत्रावरचं) नाव जुळत नव्हतं. रक्कम जमा व्हायला दहा महिने गेले. अठ्ठावीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेल्या मला याचा फार त्रास झाला. पोराच्या वाट्याला तो येऊ नये.

कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली कलम 80 ईईबीची वजावटही त्यानं धरली होती. ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच.

मग उरलं काय? मोटर वाहन कर. गुजरातनं तो इलेक्ट्रिक गाड्यांना 6 ऐवजी 1 टक्का केला होता, 31 मार्च 2026 पर्यंत. 15 लाखांवर 90,000 च्या जागी 15,000. हे 75,000 मोठे होते, आणि ते पहिल्या कागदावरच कमी दिसायला हवे होते. नोंदणीही मुदतीच्या आत व्हायला हवी होती.

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला. इलेक्ट्रिकचा 5 च आहे. करातलं अंतर घटलं, म्हणून भाचा डळमळला. पण त्याचं रोज हालोलला जाणं, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. पेट्रोल पाच लिटर तरी जाईल. माझ्या गाडीला तेवढ्याला बारा युनिट पुरतात. त्याच्यासाठी इलेक्ट्रिकच बरी, असं मी स्पष्ट सांगितलं.

दोन दिवसांनी त्यानं कोटेशन पाठवलं. कराच्या ओळीत 6 टक्केच लावले होते. त्याभोवती लाल गोल करून परत पाठवलं.