बाहेरून गार

साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये खोल, तप्त तेलविहिरींत उतरणाऱ्या मापनयंत्रांचे फ्लास्क तपासणीला येतात. तत्त्व घरच्या थर्मासचेच, जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये शोधलेले: एकात एक दोन नळ्या आणि मध्ये व्हॅक्यूम. मात्र आमच्या फ्लास्कमध्ये सर्किटाशेजारी बिस्मथ, शिसे, कथिल आणि कॅडमियमच्या मिश्रधातूचा ठोकळा असतो. तो सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि पूर्ण वितळेपर्यंत आत झिरपणारी उष्णता स्वतःत जिरवतो, त्यामुळे तेवढा वेळ तापमानाच्या आलेखावर जवळजवळ सपाट रेष उमटते. खरेदी विभागाला हा ठोकळा निव्वळ वजन वाटतो; त्यांनी ती रेष कधी पाहिलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या २०० अंशांच्या विहिरीतून एक यंत्र जळून परत आले. सोबतच्या कागदावर कारण आधीच ठरलेले होते: फ्लास्कचा व्हॅक्यूम गेला. फ्लास्क उलट बोलत नसल्यामुळे दोष देण्यास तो नेहमीच सोयीचा पडतो. आम्ही तो रात्रभर भट्टीत ठेवला, आणि व्हॅक्यूम शाबूत निघाला.

मग यंत्राच्या मेमरीतली नोंद वाचली. पहिल्या फेरीत सपाट रेष जवळपास दोन तासांची होती. दुसरी फेरी ८१ अंशांवरच सुरू झालेली होती, तिच्यात सपाट रेष नव्हतीच, आणि १४८ अंशांवर नोंद तुटली होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये यंत्रावर नुसते पाणी मारून तीन तासांत ते पुन्हा सोडले होते. जो व्हॅक्यूम उष्णता आत येऊ देत नाही तो ती बाहेरही जाऊ देत नाही. ठोकळा वितळलेलाच राहिला, आणि सर्किटाची स्वतःची उष्णताही त्यात भर घालत राहिली.

त्या रात्री घाटकोपरला गाडीतून उतरत असताना विहिरीवरच्या ऑपरेटरचा फोन आला होता. "सर, बाहेरून गार लागतंय, सोडू का?" गर्दीत मी "सोड" म्हणालो. विहिरीत किती तास ठेवायचे हे आमच्या सूचनापत्रात होते, पुन्हा सोडण्यापूर्वी आतले तापमान किती असावे हे नव्हते. फ्लास्क उघडून, सर्किट बाहेर काढून ठोकळा घट्ट होईपर्यंत थांबावे, ही ओळ मी नंतर घातली.

अहवालात मी 'हाताळणीतील चूक' असे लिहिले. फोनचा उल्लेख केला नाही. त्या मुलाला आता गोदामात बसवले आहे.