गिअर पडंना झालाय: आमची वाटचाल

बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याला चुलतभावाच्या पत्र्याच्या गोठ्यात आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज सुरू झालं, तेव्हा ना पाटी होती ना रॅम्प. वडिलांचा पान्यांचा पेटारा होता आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशिनशॉपमध्ये मी काढलेली सात वर्षं होती. एका अंगाला म्हशी, दुसऱ्या अंगाला आम्ही. आता पाटी आहे, नियमाप्रमाणे 60 टक्के कन्नड आणि राहिलेल्या जागेत मराठी. पण आमचं गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही. ते फोन करतं आणि एकच वाक्य बोलतं. उचगाव-चंदगडकडचं असलं तर "गिअर पडंना झालाय", बैलहोंगलकडचं असलं तर तेच कन्नडमध्ये, "गिअर बीळवल्दु". दोन्ही भाषांत गिअर आपोआप पडायची वस्तू आहे, आणि दोन्हीकडे पुढचं वाक्यही तेच: थंडीनं जाम झालाय.

थंडीला उगाच बदनाम करतात. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशावर येतो, कधी आणखी थोडा खाली. त्यानं गिअरबॉक्समधलं 90 नंबरचं तेल घट्ट होतं, गिअरची दांडी जड लागते, पण दहा मिनिटं इंजिन चाललं की सैल पडतं. तासाभरानंही गिअर हलत नसेल तर दुखणं जूनमधलं असतं, थंडीत नुसतं बाहेर येतं. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात भाताची चिखलणी होते. केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्याची चाकं, लावून ट्रॅक्टर दिवसदिवस गाऱ्यात. दांडीच्या बुडाचं रबर फाटलेलं असतं, त्यातून पाऊस आत. मग ट्रॅक्टर दिवाळीपर्यंत झाडाखाली उभा. साखर कारखान्याची ऊसतोड आली की मालकाला त्याची आठवण होते.

पहिल्याच हंगामात माझी चूक झाली ती अशाच ट्रॅक्टरवर. एचएमटी झेटर 2511, पंचवीस हॉर्सपॉवरचा, बैलजोडी लावून ओढत आणलेला. मालक म्हणजे आमचे लांबचे मामाच. मी दांडी हलवली, करकर ऐकली आणि ठरवून टाकलं, गिअरबॉक्स गेला. दोन दिवस घालून ट्रॅक्टरचे दोन भाग केले, झाकण काढलं, शाफ्ट, बेअरिंग, गिअरचे दात सगळं पुसून बघितलं. एक दात तुटलेला नाही. तिसऱ्या दिवशी वडील डबा घेऊन आले.

"काय करूलास रे?"

"गिअर पडंना झालाय."

"इंजिन बंद असताना पडत होता का?"

मी बघितलंच नव्हतं. इंजिन बंद असताना गिअर गुमान पडत असेल आणि चालू केल्यावर करकरत असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. मामांच्या झेटरची क्लचप्लेट चार महिने उभी राहून गंजानं फ्लायव्हीलला, इंजिनच्या जड चाकाला, चिकटली होती. मामांनी मजुरी निमूट दिली, तोडीची पाळी चुकली ते वेगळंच. ती मजुरी मी घेतली, याची आजही लाज वाटते. त्यानंतर चार वर्षं ते आमच्या दारात आले नाहीत.

तेव्हापासून कुठलाही ट्रॅक्टर आला की पहिला अर्धा तास पाना हातात घ्यायचा नाही, हा आमच्याकडं नियम. इंजिन बंद ठेवून दांडी हलवायची. पडतो म्हटल्यावर क्लचच्या पेडलचा मोकळा खेळ बघायचा. तो वाढला असला तर पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही, पेडलला जोडलेली क्लचची दांडी आटवून आखूड केली की काम संपतं. प्लेटच चिकटली असेल तर पेडल दाबून लाकडाची पाचर मारतो आणि रात्रभर तसं सोडतो. कैकदा सकाळी सुटलेली असते. गिअरमध्ये टाकूनच स्टार्टर मारायचा उपायही आहे, पण तो मोकळ्या रानात. आम्ही एकदा गोठ्यासमोर केला आणि ट्रॅक्टर सरळ वैरणीच्या गंजीत शिरला. म्हैस वाचली.

बंद इंजिनातही दांडी हलत नसेल तर मग मजा. ट्रॅक्टर चढाला किंवा भरल्या ट्रॉलीखाली गिअरमध्येच बंद पडला असेल तर दातांवर सगळा भार अडकून राहतो आणि दांडी उपसली तरी येत नाही. चाकांना दगड लावायचे, ट्रॉली सोडवायची, मग मागचं एक चाक जॅकवर घेऊन हातानं मागंपुढं फिरवायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी दांडी ओढायची. कट् असा आवाज येतो. तो ऐकला की नवं पोरगंसुद्धा हसतं.

आणि गिअरची दांडी सैल, पातेल्यातल्या चमच्यासारखी चौफेर फिरते, पण ट्रॅक्टर एका जागी गच्च, असं असेल तर दोन गिअर एकदम पडलेत. दांडीचं टोक झिजून शिफ्टरच्या, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या भागाच्या, खाचेतून निसटलेलं असतं. एका वेळी एकच गिअर पडावा म्हणून आत एक छोटी पिन असते, तीही झिजलेली. यासाठी ट्रॅक्टरचे दोन भाग करायची गरजच नाही. वरचं झाकण काढायचं, पहारीच्या टोकानं शिफ्टर एकेक करून न्यूट्रलच्या खाचेत आणायचे, त्यांना खाचेत धरून ठेवणारे छर्रे आणि स्प्रिंगा जागेवर आहेत का बघायचं. झाकण उघडायच्या आधी भोवतालचा चिखल डिझेलनं धुवायचा. हे मी पोरांना रोज सांगतो, आणि रोज कुणीतरी विसरतं.

तेलाचं तर वेगळंच पुराण. ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल तर सकाळी इंजिन चालू न करता गिअरबॉक्सच्या बुडाचा बोल्ट सैल करायचा. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसलेलं असतं, त्यामुळं आधी तेच येतं. गेल्या थंडीत एका पोरानं चहाचा ग्लास धरला. आधी पाऊण ग्लास गढूळ पाणी, मग काळी धार. तोच ट्रॅक्टर आदल्या दिवशी चालवला असता तर दोन्ही घुसळून दुधाच्या चहासारखं करडं आलं असतं. एवढं पाणी म्हणजे शिफ्टरच्या सळयांवर गंज आलाच. डिझेलनं धुऊन नवीन तेल टाकतो. काही जुन्या मॉडेलांत गिअर, मागच्या चाकांकडं जोर वाटणारं डिफरन्शियल आणि नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकला एकच तेल चालतं, तिथं डोळे झाकून 90 नंबर ओतलं तर नांगर उचलायला रडतो.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. गिअरची घरघर दाबायला विकणारा कधी कधी 140 नंबरचं तेल भरतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर मांजरासारखा चालतो. डिसेंबरच्या पहाटे दांडी चिखलात रुतल्यासारखी लागली की लबाडी कळते.

धंदा वाढला तो मात्र सुट्या भागांमुळं. हरियाणातल्या पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, पण आमच्या भागातले झेटर थोडेच थांबणार? इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या वंशातले महिंद्राचे जुने बी-275 अजून ऊस ओढताहेत. शिफ्टर फोर्क झिजला की त्याच्या तोंडावर पितळेची भर चढवायची आणि घासून मापात आणायचं, हे काम आम्ही उद्यमबागेतल्या ओळखीवर सुरू केलं. आता कोल्हापूरच्या बाजूनंही पोत्यात घालून फोर्क येतात. त्यासाठी एक लेथ घेतला, सेकंडहँड. त्याचा हप्ता फेडताना मात्र दिवसा तारे दिसले.

कारण आमचं गिऱ्हाईक उसाच्या बिलावर जगतं. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, पण आमची उधारीची वही कायदा वाचत नाही. थंडीत काम, पैसे पाडव्याला. दोन वर्षं बायकोच्या भिशीवर तेल आणि छर्रे आणले, हे तिनं समोर बसून लिहायला लावलंय म्हणून लिहितो.

झेटरवाले मामा पाचव्या वर्षी आले. काही बोलले नाहीत, म्हशीच्या खुंट्याशी ट्रॅक्टर लावला आणि बसून राहिले. आता त्यांचा मुलगा येतो, ट्रॅक्टर तोच.

आणि येतो तरी कुठं? परवा पहाटे त्याचाच फोन. गिअर पडंना झालाय. मी विचारलं, बंद इंजिनात पडतो का? "थांबा, बघूलालो," म्हणाला. फोनमध्ये दांडीचा आवाज आला, मग "पडतोय की!" क्लचची दांडी दीड फेरा आटव म्हणून सांगितलं आणि मी परत पांघरुणात शिरलो. आठ वाजता त्याची ट्रॉली वजनकाट्यावर होती. भाऊ म्हणतो, अशा फोनचे शंभर रुपये तरी लावत जा. आमचं ते भांडण अजून मिटलेलं नाही.