"सेंद्रिय व्हा" म्हणणं सोपं!

आज दिवसभर दिंडोरी तालुक्यात. सेंद्रियकडे वळायला द्राक्षवाले का कचरतात, हे विचारत बागा पालथ्या घातल्या. एका काकांनी फवारणीची वही पुढे केली. तारीखवार नोंदी, पानांवर मोरचुदाचे निळे डाग. म्हणाले, "ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी (बुरशीसारखा रोग) घडावर बसतो. तेव्हा जीवामृत (शेण-गोमूत्राचं द्रावण) घेऊन बसू का?" बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) सेंद्रियातही मर्यादेत चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरी गोम पैशात आहे. द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्राआधी 3 वर्षं रूपांतरणात, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियच्या नियमांनी पिकवत, काढावी लागतात. त्या काळात माल घटू शकतो, भाव मात्र नेहमीचाच आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. (सेंद्रियच्या शिबिरात ही स्लाइड कुणी दाखवत नाही!) 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली, तो दणका इथे अजून कुणी विसरलेलं नाही. रेसिड्यूचं (फळात उरणाऱ्या रसायनांच्या अंशाचं) भान आपल्या सेंद्रियवाल्यांच्या भाषणांनी आलेलं नाही.

काका बागेला हात लावू देणार नाहीत, पण भाजीपाल्याचं अर्धा एकर वावर सेंद्रिय करून बघायला द्यायला तयार झालेत. आधी माती परीक्षण. दिंडोरी-निफाडकडे चांगलं गांडूळखत कुणाकडे मिळेल? इनबॉक्स करा.