आठव्या-नवव्या बोर्डावरची ओली रेघ

मंगळवारची बोलिंगची लीग साडेसहाला सुरू होते. सहाला सराव चालू झाला आणि सव्वासहाच्या आत प्रो-शॉपच्या, म्हणजे बॉल विकण्या-दुरुस्तीच्या दुकानाच्या, काउंटरवर तीन जण आपापले बॉल घेऊन हजर. डेट्रॉइटच्या उपनगरातल्या आमच्या या सेंटरच्या लीगमध्ये चार-पाच मराठी मंडळी आहेत. त्यांतल्या एकाने बॉल रबरी कड्यावर ठेवत सांगितलं, "अहो, हा मेला. वळायचं नावच घेत नाही."

रिॲक्टिव्ह बॉल खरंच 'मरतो'. त्याचं रेझिनचं कवच सच्छिद्र असतं, ते लेनवर लावलेलं ऑइल पितं आणि घर्षण घटतं. यांचा बॉल सव्वाशे गेम खेळलेला, वरून पॉलिश केलेला. एरवी तेवढ्यावरच निदान करून मोकळा झालो असतो. पण तीन बॉल एकाच संध्याकाळी मरत नाहीत. तिघेही उजवे होते आणि तिन्ही बॉल रिॲक्टिव्ह. डावऱ्यांपैकी कुणाची तक्रार नव्हती. प्लास्टिकचा बॉल टाकणारे तर मजेत होते.

यांनाच एक बॉल टाकायला लावला आणि परत आल्यावर तो पुसू न देता हातात घेतला. बॉलवर उठलेल्या ऑइलच्या रेघा वाचता आल्या पाहिजेत. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, जायला साधारण अडीच सेकंद. मिनिटाला 300 फेऱ्यांनी फिरणारा बॉल तेवढ्यात बाराएक वेळा फिरतो. अक्ष सरकत जातो म्हणून दर फेरीची रेघ आधीच्या रेघेच्या शेजारी उमटते. आमचा हाउस पॅटर्न, म्हणजे लेनवर ऑइल पसरायचा नेहमीचा आराखडा, 40 फुटांचा. पुढचे 20 फूट कोरडे, त्यामुळे शेवटच्या काही रेघा पुसट हव्यात. इथे शेवटची रेघ पहिलीइतकीच ओली होती, शिवाय दुधट. लेनचं ऑइल पारदर्शक असतं. दुधट दिसलं की त्यात क्लीनर मिसळलेला असतो.

मग तीन वेगवेगळ्या प्रकारचे बॉल घेऊन अकरा नंबरच्या लेनवर गेलो. तिन्ही एकाच रेषेत, लेनवरच्या दुसऱ्या बाणावरून म्हणजे उजवीकडून दहाव्या बोर्डावरून (बोर्ड म्हणजे लेनच्या लांबीभर जाणारी अरुंद पट्टी) टाकले. प्लास्टिक जवळजवळ सरळ गेला, नेहमीसारखाच. युरेथेन लवकर आणि हळूहळू वळतो. तो पॉकेटच्या, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनांमधल्या फटीच्या, जरा उजवीकडे लागला, फरक दोनेक बोर्डांचा. 2000 ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे घासायच्या पॅडचा बारीकपणा) पॅडने घासलेला रिॲक्टिव्ह मात्र 40 फुटांनंतर वळायच्या ऐवजी घसरतच राहिला आणि पहिल्या पिनला न शिवता निघून गेला. एक, दोन, चार आणि सात नंबरच्या पिना जागच्या जागी!

ज्या बॉलची सगळी कमाई शेवटच्या कोरड्या भागातल्या घर्षणावर, त्यालाच तिथला ओलावा सर्वांत जास्त नडतो. प्लास्टिकला तिथून काही मिळवायचंच नसतं. म्हणून एकाला लेन बिघडलेली वाटते आणि शेजारच्याला उत्तम.

सराव थांबवून पिनांच्या बाजूने टॉर्च अगदी आडवा धरला. आठव्या-नवव्या बोर्डावर दोन इंच रुंदीची रेघ थेट पिन डेकपर्यंत, म्हणजे पिना उभ्या असतात तिथपर्यंत, चकाकत होती. बोट फिरवलं तर ओलं. पॅटर्नच्या लांबीतून 31 वजा केले की बॉल साधारण कुठल्या बोर्डावर वळायला हवा ते कळतं: 40 उणे 31, नऊ. म्हणजे रेघ नेमकी वळणावर. वळताना बॉल काही फूट बोर्डांना जवळजवळ समांतर धावतो, त्यामुळे दोन इंचांची रेघसुद्धा त्याला पुरून उरते. तिरका जाणारा बॉल तीच रेघ क्षणात ओलांडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता लेन पुसून ऑइल लावणारी मशीन. आमच्या मशीनमध्ये क्लीनर फवारला जातो, मागून स्क्वीजीचं रबरी पातं आणि व्हॅक्यूम ते ओढून घेतात आणि त्यामागे ऑइल लागतं. 40 फुटांनंतर ऑइल बंद, मशीन नुसती पुसत जाते. रेघ खरं तर पहिल्या 40 फुटांतही होती, पण वर ताजं ऑइल आल्यामुळे तिथे दिसणं शक्यच नव्हतं. मशीन उलटी केली. पात्याखाली नखाएवढा पांढरा कपचा अडकलेला, पिनवरच्या प्लास्टिकच्या कवचाचा. तेवढ्या जागी पातं उचललं गेलं होतं आणि त्याची धारही चिरली होती. नुसता कपचा काढून भागत नाही. चिरेतून क्लीनर पुन्हा निसटतंच. पातं बदललं, सोळाच्या सोळा लेन परत पुसून ऑइल केल्या. लीग पाऊण तास उशिरा सुरू झाली, शिव्या खाल्ल्या. नुसती कोरडी फडकी फिरवा असं सुचवणारेही भेटले, पण फडक्याने रेघ पसरते, जात नाही.

यांचा बॉल आता वळू लागला, पण पॉकेटला दोन बोर्ड कमी पडत होता. तो वाटा खरोखर बॉलचा. लीग सुरू झाल्यावर बॉलचा पृष्ठभाग घासून बदलायचा नाही असा नियम आहे, म्हणून त्या रात्री पाय दोन बोर्ड उजवीकडे घ्यायला लावले, निशाण तेच. तिसऱ्या गेमपर्यंत सगळ्यांनी मिळून दुसऱ्या बाणाजवळचं ऑइल उडवलं, बॉल लवकर पकडू लागला आणि तेच पाय पुन्हा डावीकडे न्यावे लागले.

बुधवारी बॉल शॉपमध्ये ठेवून घेतला. कोमट पाण्यात साबण घालून शोषलेलं ऑइल काढलं. उकळतं पाणी कधीही नको, कवच तडकतं. मग स्पिनरवर, म्हणजे बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर, 500, 1000, 2000 ग्रिटचे पॅड, प्रत्येक पॅड बॉलच्या चार बाजूंना अर्धा-अर्धा मिनिट. पॉलिश मुद्दाम टाळलं. त्यांना बॉल चकचकीत हवा होता. आधी दोन आठवडे असाच टाका म्हटलं.